खुरपं अजून जुनं झालेलं नाही

आज बोलायचं आहे जुन्या अवजारांबद्दल. तुम्ही म्हणाल, त्यात काय बोलायचं, आमच्या माळ्यावर पडलेत की ढिगानं! बरोबर आहे. पण माळ्यावरची वस्तू पटांगणात मांडली, तिच्यापुढे पाटी लावली आणि लोक रांगेनं बघायला आले, की ती वस्तू वेगळंच काही सांगायला लागते. कधी कधी पाटी एक सांगते आणि वस्तू दुसरंच.

उन्हाळ्यात आपल्याच भागात एका शाळेच्या पटांगणात जुन्या शेती अवजारांचं आणि गावच्या कारागिरीचं प्रदर्शन भरलं होतं. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतल्या गावांतून वस्तू गोळा केलेल्या. आमच्या गटातल्या अकराजणी टेम्पो करून गेलो. दारातच बैलगाडी, तिच्या शेजारी लाकडी नांगर, लोखंडी नांगर, कुळव, पाभर, मोटेचं चाक. गडीमाणसांची गर्दी सगळी तिथं. मळणीचा तिवडा, उसाचा चरक, मापाच्या शेर-पायल्या त्याच्या पुढे. आणि आत, वर्गाच्या खोलीत, बाकांवर मांडलेलं जातं, उखळ, मुसळ, सूप, रवी, शेवयांचा पाट. म्हणजे इथंही गडी बाहेर आणि बाया आत.

पाट्या वाचत निघालो. प्रत्येक पाटीवर ‘शेतकरी’. शेतकरी नांगरायचा, शेतकरी पेरायचा, शेतकरी पाणी द्यायचा. पाभरीपुढे आम्ही थांबलो. ज्यांनी पाभर पाहिली नाही अशा पोरींसाठी सांगतो. आडव्या लाकडी दिंडाला फण बसवलेले, प्रत्येक फणामागं एक पोकळ नळा, आणि सगळे नळे वर एका लाकडी वाटीत एकत्र आलेले. ती वाटी म्हणजे चाडं. बैल हाकणारा बैल हाकतो, बी मात्र चाड्यावर धरलेल्या मुठीतून सुटतं. मूठ घट्ट झाली तर ओळ विरळ, सैल झाली तर दाट. बैलाच्या चालीबरोबर बोटं चालली पाहिजेत, वाटेत ढेकूळ आलं तरी चाल तीच. आणि ज्वारी-बाजरीत तूर, मटकी टाकायची असेल तर मागून दोरीला बांधलेली मोघण ओढत न्यायची. आमच्या भागात कितीतरी घरांत मूठ बाईची असायची, आणि मोघणीमागं तर बहुतेक बाईच. आज ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रात जी दातेरी चकती बी मोजून सोडते, ती या बोटांचं काम करते. यंत्र बनवणाऱ्यांनी चकतीला नाव दिलं, किंमत लावली. बोटांची नोंद पाटीवरसुद्धा नव्हती.

लोखंडी नांगराची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईत चित्रकला शिकवायचे, मग बेळगावात त्यांनी सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेईना कुणी. लोखंडानं जमीन विषारी होते असा लोकांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. १९१० साली कारखाना कुंडलच्या माळावर आला आणि त्या जागेचं नाव किर्लोस्करवाडी झालं. मग लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेला. याच किर्लोस्करांच्या घरातून पुढे १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं. नांगर आणि बायकांचं मासिक एकाच अंगणातून आलं, हे आम्हाला फार आवडलं.

मोटेवर जास्त थांबत नाही. चामड्याची मोट, जाडजूड नाडा, उलट्या पावलांनी मागं येणारे बैल, हे सिनेमातही पुष्कळ पाहिलंय. मोट चांभारानं शिवलेली, नाडा मातंगानं वळलेला, चाक सुताराचं, कुसू लोहाराचा. एवढ्या घरांचं काम एका विहिरीवर. मोट हाकणारा धावेवर गाणी म्हणायचा, आणि खाली वाफ्यात खोरं घेऊन चिखलात उभी राहून दारं धरायची ती कोण, हे तुम्हीच सांगा. ऑइल इंजिन आलं तशी मोट गेली. दारं धरणं राहिलं. आता कुठे ठिबक आलंय तिथं तेवढं सुटलं.

आतल्या खोलीत आलो तर जात्याभोवती शाळा-कॉलेजच्या पोरींचा घोळका. जात्याशी बसायचं, खुंट्याला हात लावायचा, फोटो काढायचा. आमच्यातल्या एका आजींनाही पोरी म्हणाल्या, “आजी, बसा ना, तुमचा खरा फोटो येईल.” आजी बसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाळांनो, हे खांदे यानंच गेलेत. फोटो तुमचाच काढा.” पोरी हसल्या. आजी हसल्या नाहीत.

जातं किती जुनं आहे ते आता सांगतो, कारण ही आपल्याच नदीकाठची गोष्ट आहे. आपली घोड नदी आंबेगावच्या डोंगरात उगवते, डिंभ्याच्या धरणातून खाली येते आणि शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. त्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ एवढी वर्षं खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव तिथं सापडलं. घरं, चुली, रांजण, धान्य साठवायच्या जागा. आणि दळायचे दगड. पण ते जातं नव्हे. खोलगट पाटा आणि त्यावर मागं-पुढं घासायचा वरवंटा. म्हणजे पाटा जात्याहून थोरला. गोल फिरणारं जातं त्यानंतर शेकडो वर्षांनी आलं. नेवाशाच्या खोदकामात सातवाहनांच्या काळातल्या थरात अशी फिरती जाती मिळाली आहेत. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं. मागं-पुढं घासण्यापेक्षा गोल फिरवणं सोपं, हा शोध कुणी लावला त्याचं नाव इतिहासात नाही. दळणाऱ्या एखाद्या बाईनंच सुचवलं असेल असं आमचं म्हणणं आहे, पुरावा मागू नका.

दहा माणसांचं घर धरलं तर रोजचं चार-पाच किलो पीठ लागायचं. बाजरी असली तर दोन-अडीच तास. कोंबडा आरवायच्या आधी उठून. गुळगुळीत झालेलं जातं दळेनासं झालं की टाकी लावणारा गावात यायचा, छिन्नीनं दोन्ही तळ्या खडबडीत करून द्यायचा, आणि पुढचे चार दिवस भाकरीत कचकच लागायची. त्या पहाटेच्या तासांत बायांनी जे म्हटलं त्या ओव्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावी जाऊन त्या गोळा करायला घेतल्या, आपल्या पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांपासून सुरुवात करून. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बाया, एक लाखाहून जास्त ओव्या. कुठल्याही संतकवीच्या गाथेपेक्षा मोठा हा पसारा. त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे, मुलगा आहे, आणि नवऱ्याचा मारही आहे, सासऱ्याचा कर्जबाजारीपणा आहे, बाईच्या जन्माबद्दलचा सरळ राग आहे. चुलीपुढे जे बोलता येत नव्हतं ते जात्यापुढे बोलता आलं, कारण घरघरीत ते बाहेर ऐकू जात नव्हतं.

तर मग जातं गेलं याचं वाईट वाटावं का? यावरून परतीच्या टेम्पोत आमची चांगलीच जुंपली. एकीचं म्हणणं, जात्याच्या पिठाची भाकरी ती भाकरी. दुसरी म्हणाली, मग उद्यापासून दळ. हा वाद काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. १९३४ साली गांधीजींनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ काढला. हातसडीचे तांदूळ, घाणीचं तेल, जात्याचं पीठ, हातकागद यांचा प्रसार करायचा हे त्याचं काम. तिथंच १९३८ साली गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. चरखे, घाण्या, चक्क्या, सगळं मांडलेलं. बघून जा आणि गावात करा, अशा हेतूनं. ते अजूनही वर्ध्यात आहे. आपल्या आंबेगावातल्या महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूनं १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे जीव दिला, तो याच स्वदेशीच्या दिवसांत. त्या सगळ्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण जात्याचं पीठ खा म्हणणाऱ्यानं पहाटे कोण उठणार तेही सांगायला हवं होतं. गिरणीनं आपल्याला झोप दिली. डोक्यावर डबा घेऊन तीन कोस चालावं लागलं तरी झोप दिली. आमच्या मते जात्यासाठी डोळ्यांत पाणी आणायचं कारण नाही, ओव्यांसाठी आणावं.

मुसळाची गोष्ट मात्र अशी नाही, आणि ती नीट ऐका. पश्चिम पट्ट्यात, आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडे, भात, नाचणी, वरई पिकते. तिथलं घिरट आम्ही प्रदर्शनात पाहिलं, जात्यासारखंच, पण भाताचं टरफल काढायचं. मग उखळात मुसळानं सडायचं. घरचं भात घरच्या बाया सडायच्या, पण सधन घरचं भात दुसऱ्या गरीब बाया कांडायच्या. कांडपाला गेलं की थोडे तांदूळ, कणी, कोंडा मिळायचा. विधवा, टाकलेल्या, जमीन नसलेल्या कितीजणींची चूल त्या कणीवर पेटायची. भाताची गिरणी आली आणि दिवसभराचं कांडप एका तासात झालं. जातं गेलं तेव्हा फारशी मजुरी गेली नाही, कारण बहुतेक घरांत दळणाचे पैसे कुणी देत नव्हतं. मुसळ गेलं तेव्हा मात्र गेली. सरकारलाही हे कळत होतं. हातसडीच्या धंद्याला आधार म्हणून भाताच्या गिरण्यांवर निर्बंध घालणारा कायदा १९५८ साली झाला. गिरण्या थांबल्या नाहीत ते वेगळं. म्हणून कुणी म्हटलं की यंत्रानं बाईचं भलं केलं, किंवा कुणी म्हटलं की वाटोळं केलं, तर आधी विचारायचं: कुठल्या यंत्रानं, आणि कुठल्या बाईचं?

घिरटाच्या शेजारी इरलं होतं. बांबूच्या कामट्यांचं, वर पानं दाबून बसवलेलं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं. वाकून भात लावताना पाऊस पाठीवर पडतो, म्हणून त्याचा आकारच वाकलेल्या माणसाचा. आता मेणकापड घेतात. ते हलकं, पण आत घामानं भिजायला होतं.

बांबूचं नाव निघालं तर सूप, टोपली, कणगी करणाऱ्यांचंही सांगायला हवं. जुन्नरला आपण लेण्याद्रीला जातो, गणपतीचं दर्शन घेतो आणि उतरतो. पण जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी खोदलेली आहेत, आणि त्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. ते राजांचे कमी आणि साध्या माणसांचे जास्त. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी नाणेघाटातून माल कोकणात उतरायचा, जुन्नर ही मोठी बाजारपेठ होती. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या संघानं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याचं कोरलंय. आणि दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांचा संघ आणि काशाची भांडी करणाऱ्यांचा संघ यांच्याकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या ठेवीच्या उत्पन्नातून दानधर्माचा खर्च चालायचा. या संघांना तेव्हा श्रेणी म्हणत.

आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या गटाच्या खजिनदारबाई पटकन म्हणाल्या, “म्हणजे बचत गटच की!” अगदी तसंच नाही, पण फार लांबही नाही. टोपल्या विणणाऱ्यांकडे लोक विश्वासानं पैसे ठेवत होते, एवढी त्यांची पत होती. आणि आज? बुरडाच्या घरची बाई आठवडी बाजारात सूप विकायला बसते तेव्हा आपणच घासाघीस करतो. तीच गत कागदाची. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता, दप्तरांतले कितीतरी कागद जुन्नरचे. आज जुन्नरात शाळेची वही घेतली तर ती कुठून तरी बाहेरूनच आलेली असते.

वस्तू जपायच्या कशा हे बघायचं असेल तर पुण्याला बाजीराव रस्त्यालगतचं राजा केळकर संग्रहालय बघून या. दिनकर केळकरांनी उभं आयुष्य वस्तू गोळा केल्या. लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. तलवारी-तोफा थोड्या, आणि अडकित्ते, दिवे, वज्र्या, झारे, सोऱ्या, फण्या, पेट्या भरपूर. घरातल्या वस्तूही इतिहास असतात हे त्यांनी फार लवकर ओळखलं. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई बरोबरीनं होत्या.

आता खुरप्याकडे येतो. तेही प्रदर्शनात होतं. विळा, खुरपं, कोयती, तिन्ही एका फळीवर तारेनं बांधलेली. पाटी होती: ‘जुन्या काळातील हत्यारे’. आम्ही अकराजणी एकमेकींकडे बघत राहिलो. त्यातल्या चौघी सकाळी टोमॅटोतलं तण काढून आल्या होत्या. खुरपी टेम्पोतच होती, पिशवीत गुंडाळून.

विचार करा. नांगर गेला, ट्रॅक्टर आला. मोट गेली, मोटर आली. पाभर गेली, पेरणी यंत्र आलं. तिवडा गेला, मळणी यंत्र आलं, तेही हात आणि पदर ओढणारं, पण आलं. विळ्यात थोडी सुधारणा झाली; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं वैभव विळा काढला, दातेरी, हलका. खुरपं मात्र लोहार पूर्वी करायचा तसंच. फार तर लाकडी मुठीच्या जागी प्लास्टिकची मूठ.

असं का झालं? एक कारण कामातच आहे. रोपाला लागून आलेलं तण यंत्राला ओळखता येत नाही, डोळा आणि बोटं लागतात. सायकल कोळपं दोन ओळींच्या मधलं काढतं, बुडातलं नाही. तणनाशक आहे, पण प्रत्येक पिकाला चालत नाही. हे सगळं मान्य. पण दुसरं कारण हजेरीत आहे. गड्याची हजेरी आणि बाईची हजेरी आजही वेगळी आहे. बाईचा हात स्वस्त असताना त्या जागी यंत्र बसवायला पैसे कोण घालेल? नांगरट महाग पडली तिथं यंत्र आधी आलं. खुरपणी स्वस्त राहिली, म्हणून ती हातातच राहिली.

आणि ती कमी नाही झाली, वाढली. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात तर जुनं आंबेगाव गावच गेलं, ज्याच्या नावानं तालुका आहे. कालव्यांना पाणी आलं, बाजरीच्या जागी ऊस, कांदा, टोमॅटो आला. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या गाड्या भरतात, सातगाव पठारावर बटाटा निघतो. बारमाही पाणी म्हणजे बारमाही तण. एका खरिपाची खुरपणी करणारी बाई आता वर्षभर उकिडवी बसलेली असते.

उसाबरोबर बिबट्याही आला, हे आपल्याला कुणी सांगायला नको. उसाच्या कडेला खुरपायला बसलेली बाई लांबून लहान जनावरासारखी दिसते. वन खात्याचे लोक म्हणूनच सांगतात, एकटीनं वाकून काम करू नका. त्या प्रदर्शनात एका कोपऱ्यात धनगरी कुत्र्याचा पट्टा टांगला होता, बाहेरच्या बाजूला टोकदार खिळे असलेला. मेंढरांच्या कळपावर लांडगा, वाघरू आलं तर गळा पकडू नये म्हणून. पाटीवर हेही ‘जुन्या काळातील’. शेजारच्या शिरूर तालुक्यात २०२५ साली माणसं तसेच पट्टे गळ्यात घालून शेतात जायला लागली. वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो आले.

आम्ही प्रदर्शन भरवणाऱ्यांना भेटलो. चांगली माणसं होती, चिडली नाहीत. पाभरीच्या पाटीवर ‘मूठ धरणारी’ असा शब्द त्यांनी आमच्यासमोर खडूनं लिहिला. खुरप्याची पाटी काढूनच टाकली. वस्तू आता त्या शाळेच्याच एका खोलीत राहणार आहेत, आणि त्या खोलीची वही आमच्या गटाकडे दिली आहे. तुमच्या घरी मोघण, घिरट, इरलं, कांडपाचं मुसळ, काहीही असेल तर कळवा. वस्तू द्यायची नसेल तर देऊ नका, नुसता फोटो पाठवा. सोबत तीन गोष्टी लिहा: वस्तूच्या प्रत्येक भागाला तुमच्या गावात काय म्हणतात, ती कुणी घडवली, आणि ती कुणाच्या हातात असायची. तिसऱ्या रकान्यात ‘घरातली बाई’ असं लिहू नका, नाव लिहा.